पोटात धरलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी हस्तलिखित वही आहे आणि मी मत्सरी आहे. यातली पहिली गोष्ट माझ्याकडे नुसते पाहूनही कळते. माझे कोपरे झिजून गोल झाले आहेत, मेंढीच्या कातड्याचे वेष्टण करपलेल्या भाकरीसारखे दिसते आणि शेवटून दुसऱ्या पानावर वीतभर लांब फाटल्याची खूण आहे. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. चारशे वर्षे मी ती कुणाला कळू दिली नाही. पण त्या फाटलेल्या पानाची हकीकत सांगायची तर ती लपवून चालणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकली.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. गार्दा तळ्याच्या काठी कागदाच्या गिरण्या होत्या. तिथे खलाशांचे फाटके सदरे, विटलेल्या चादरी, टेबलावरची जुनी कापडे भिजवून, कुटून त्यांचा लगदा करत आणि त्याचे कागद पाडत. मी पूर्वी कुणा नवरीची चादर असेन किंवा कुणा न्हाव्याचा पंचा. मला मात्र नेहमी वाटत आले, की मी एखाद्या शूर खलाशाचा सदरा असणार. मत्सरी मंडळींना आपल्या घराण्याबद्दल असे काहीतरी वाटतेच.

मला विकत घेतले पादुआ शहरातल्या वस्ताद मार्सिलियोंनी. सांत आंतोनियोच्या देवळामागे कमानींची एक गल्ली होती. त्या गल्लीत त्यांची तालीम होती. तिथे ते किरच शिकवत. किरच म्हणजे लांब, सरळ, अरुंद तलवार. तिने कापतात कमी, भोसकतात जास्त. पादुआच्या विद्यापीठात कायदा आणि वैद्यक शिकायला दूरदूरची तरुण मुले येत. सकाळी ती मुले लॅटिन घोकत आणि दुपारी वस्तादांच्या तालमीत घाम गाळत.

वस्तादांनी आपली सगळी विद्या माझ्यात उतरवली. चार पवित्रे, हूल कशी द्यायची, समोरच्याची हूल कशी ओळखायची, पाऊल आधी की हात आधी. अकरा वर्षे ते लिहीत होते. अक्षर मोठे, तिरके, घाईचे. चुकले की स्वतःलाच शिव्या देत आणि खोडत.

आणि माझ्यातली चित्रे काढली त्यांच्या मुलीने, जुस्तीनाने.

जुस्तीना डावरी होती. जेवताना, शिवताना आणि देवळात क्रूस करताना ती उजवा हात वापरी, कारण लहानपणी डाव्या हातावर छडी मारून मारून तिला तशी सवय लावली होती. चित्र काढताना मात्र तिला कुणी अडवले नाही. तिचा उजवा हात माणूस काढायला गेला, की भोपळा काढी. डाव्या हाताने तिने एक रेघ ओढली, की कागदावर माणूस उभा राही, आणि तो आता पुढच्या क्षणी पाऊल टाकणार असे वाटे. माझ्यात तिने काढलेली चौतीस चित्रे आहेत. ती काढताना तिचा श्वास माझ्या पानांवर पडे. मित्रांनो, मला आयुष्यात तेवढेच हवे होते, आणि दुसऱ्या कुणाला ते मिळालेले मला खपत नव्हते.

एकदा तालीम रिकामी असताना जुस्तीनाने भिंतीवरची किरच काढून डाव्या हातात धरली. चित्रातला पवित्रा तिने जसाच्या तसा घेतला. तेवढ्यात वस्ताद आले. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे किरच काढून घेतली आणि म्हणाले, "उजव्या हातात किरच, डाव्या हातात कट्यार. ही विद्या अशीच आहे, पोरी. आणि तुझ्या हातात लेखणी."

तिने पुन्हा कधी किरच मागितली नाही.

माझा पहिला मत्सर त्या किरचेवरच होता. रोज सकाळी वस्ताद तिला मऊ फडक्याने पुसत, ऑलिव्हचे तेल लावत, उजेडात धरून बघत. तेल मलाही लागे, पण कौतुकाने नव्हे. वस्ताद तळलेले मासे खात आणि बोटे न पुसता माझे पान उलटत. अकरा वर्षांत मला हात लावण्याआधी त्यांनी एकदाही हात पुसले नाहीत. माझ्या अठराव्या पानावर अजून एका माशाचा डाग आहे.

माझ्या शेवटच्या दोन पानांवर विद्या नाही, नावे आहेत. वस्तादांचे जे शिष्य द्वंद्वात मेले, लढाईत गेले किंवा घरून निघाले ते परत दिसलेच नाहीत, त्यांची नावे वस्ताद तिथे लिहीत. ती पाने ते एरवी उघडत नसत. कुणी गेल्याची बातमी आली, की त्या दिवशी एक नाव लिहीत आणि मला मिटून फळीवर ठेवत.

पुढे वस्तादांचा उजवा गुडघा धरला. जिना चढताना ते दर दोन पायऱ्यांवर थांबू लागले. एका दुपारी त्यांनी जुस्तीनाला सांगितले, "हे छापायचं. वस्तादाचा गुडघा गेला, की त्याचं काय उरतं? कागद."

मी फळीवरून ऐकत होते. मला वाटले, कागद तर मी आहेच! मग दुसरा कशाला हवा? पण त्यांना तीनशे प्रती हव्या होत्या. सारख्या दिसणाऱ्या, सुबक, लाल कातड्यात बांधलेल्या तीनशे. त्यांची विद्या माझी, त्यांची चित्रे माझी, आणि मिरवणार त्या. त्या दिवसापासून माझ्या पानापानांत आग होती.

माझा मजकूर हिवाळ्यातच उतरवून घेतला गेला. वसंतात चित्रांची पाळी आली. चित्रे छापायची तर ती आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरावी लागतात. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून दाबायचे, की चित्र उमटते. पण ते आरशातल्यासारखे उलटे उमटते. उजवा हात डावा होतो. म्हणून शहाणा कारागीर चित्र आधी उलटे करून घेतो आणि मग कोरतो. त्याला दुप्पट मेहनत पडते, पण छापल्यावर सगळे जागच्या जागी येते.

जुस्तीनाला हे ठाऊक होते. चित्रे कोरणार होता अल्विझे नावाचा कारागीर. तो आयुष्यभर वैद्यांच्या बागेतल्या औषधी झाडपाल्याची चित्रे कोरत आला होता. त्याचा हात फार सुरेख होता, पण माणसे त्याने कधी कोरली नव्हती. म्हणून जुस्तीनाने त्याच्यासाठी एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि माझ्या पहिल्या पानावर अशी ठेवली, की ती दोन बोटांइतकी बाहेर दिसावी.

त्याच सकाळी एक गंमत झाली. विचेन्झाहून आलेल्या एका गाडीवानाने बातमी आणली, की बाल्दो जिवंत आहे. हा बाल्दो वस्तादांचा जुना शिष्य. तो सहा वर्षांपूर्वी लढाईत गेला असे सगळ्यांनी धरले होते, आणि त्याचे नाव माझ्या शेवटून दुसऱ्या पानावर होते.

"जिवंत?" वस्ताद ओरडले. "मी त्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्या!"

"त्या फुंकून टाका," गाडीवान म्हणाला. "चीजवाल्या विधवेशी लग्न केलंय त्यानं. एवढा सुटलाय, की दारातून आडवा आत जातो."

वस्ताद इतके हसले, की त्यांना गुडघ्याचा विसर पडला. "जुस्तीना, झाक ते नाव! आत्ताच्या आत्ता झाक!"

जुस्तीनाने पिठाची खळ केली आणि बाल्दोच्या नावावर कागदाची कोरी पट्टी चिकटवली. घाईत खळ जरा जास्त झाली आणि पट्टीच्या कडेने बाहेर आली. ती हात धुवायला गेली. वस्तादांनी मला उचलले, तशी पहिल्या पानावरची चिठ्ठी सरकून जमिनीवर पडली. त्यांनी वाकून ती उचलली. काय आहे ते पाहिलेही नाही. ते अजून हसत होते. जे पान उघडे होते, म्हणजे बाल्दोचे पान, त्यातच त्यांनी ती सारून दिली आणि मला मिटून कापडात घट्ट बांधले. खाली छापखान्याचा हमाल थांबला होता.

इथपर्यंत माझा काही दोष नाही, मित्रांनो. पुढचा आहे.

अल्विझेच्या दुकानात मला सोडले तेव्हा खळ अजून ओली होती. अल्विझेने चित्रे पाहिली आणि मान डोलावली. मग हमालाला विचारले, "उलटी करून कोरायची, की आहेत तशी? काही निरोप आहे?"

"मला कुणी काही सांगितलं नाही. आत कुठं लिहून दिलं असेल."

अल्विझेने माझी पाने भराभर चाळली. काही दिसले नाही, तेव्हा त्याने मला पाठीकडून धरले, उलटे केले आणि झटकले. चिठ्ठी सरकली. तिचा कोपरा पानांच्या कडेशी आला. अजून एक झटका, आणि ती त्याच्या पायाशी पडली असती.

त्या क्षणी मला लाल कातड्यातल्या त्या तीनशे जणी दिसल्या. सुबक, गोऱ्या, माझी चित्रे अंगावर घालून मिरवणाऱ्या. आणि मी पाने आवळली. ओल्या खळीवर पान दाबले आणि चिठ्ठी पोटात धरून ठेवली.

"काही नाही," अल्विझे म्हणाला. "म्हणजे आहेत तशीच. झाडाला कुठला डावा उजवा हात असतो?"

संध्याकाळपर्यंत खळ वाळली. दोन पाने एक झाली आणि चिठ्ठी आत राहिली. मला इतका आनंद झाला होता, की तो आठवून आजही लाज वाटते.

चित्रे कोरून झाल्यावर मी परत तालमीतल्या फळीवर आले. मे महिन्यात पहिली छापील प्रत तिथे आली. बाराएक विद्यार्थी जमले होते. तिच्यावरचे कापड सोडण्याआधी वस्तादांनी काय केले असेल? त्यांनी हात पुसले. दोन्ही हात, सदऱ्याला, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मी फळीवरून पाहत होते. मनात म्हटले, थांबा जरा.

त्यांनी पहिले चित्र उघडले. सगळे वाकून बघू लागले. मग कास्पार नावाचा एक थोराड जर्मन विद्यार्थी हळूच म्हणाला, "वस्ताद, हा डावरा आहे."

वस्तादांनी पान उलटले.

"हाही."

वस्ताद भराभर पाने उलटू लागले. चौतीस चित्रांतले अडुसष्ट लढवय्ये, सगळे डावरे. शेजारी मजकुरात लिहिलेले, 'उजवे पाऊल पुढे', आणि चित्रात डावे पाऊल पुढे.

"आपणच चुकीच्या बाजूला उभे आहोत," मागून कुणीतरी म्हणाले. "बाकाला वळसा घालून या, सरळ दिसेल."

"वस्ताद, पुस्तकाबरोबर आरसा फुकट का?"

हसण्याचा स्फोट झाला. कास्पारने मित्राला कोपराने ढोसले, पण त्याचेही खांदे हलत होते. आवाज ऐकून जुस्तीना वरून खाली आली. ती गर्दीतून पुढे झाली आणि तिने ते पान पाहिले.

आणि ती हसली.

ते हसणे मुलांच्या हसण्यासारखे नव्हते. अगदी लहानसे, नकळत आलेले होते. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात आपल्यासारखी माणसे तिने पहिल्यांदा पाहिली होती. पण वस्तादांनी नेमके तेच पाहिले.

विद्यार्थी गेल्यावर वस्तादांनी मला उघडून चिठ्ठीचा शोध घेतला. मी मनात ओरडत होते, शेवटी बघा, शेवटी! चिकटलेली दोन पाने एक होऊन उलटली. त्यांना कळले नाही. नावांच्या पानांवर त्यांची नजर एरवीही ठरत नसे. ते अल्विझेकडे जाऊन आले. मग जुस्तीनाला समोर उभे केले.

"चिठ्ठी ठेवली होतीस?"

"ठेवली होती, बाबा. पहिल्या पानावर."

"अल्विझे म्हणतो, चिठ्ठी नव्हती. वही उलटी करून झटकली म्हणतो."

"मग वाटेत पडली असेल."

"वही मी स्वतः बांधली. कापडात. माशी आत गेली नसती." ते थांबले. "तू हसलीस, जुस्तीना."

तिची नजर लाल पुस्तकाकडे गेली.

"बापाचं भर तालमीत हसं झालं, आणि तू हसलीस."

"ती माणसं माझ्यासारखी दिसली, बाबा. म्हणून हसू आलं."

"तेच म्हणतोय मी. तुला हवी तशीच झाली ना ती? मी तुला डाव्या हातानं किरच धरू दिली नाही, म्हणून जळत होतीस इतकी वर्षं. चिठ्ठी तू ठेवलीच नाहीस."

जुस्तीनाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. "मी ठेवली होती," ती एवढेच म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

मित्रांनो, त्या खोलीत इतकी वर्षे जळणारे कुणीतरी होते, हे खरे होते. फक्त ते जुस्तीना नव्हते. वस्तादांनी माझा गुन्हा अचूक सांगितला आणि बोट तिच्याकडे दाखवले.

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाशी बोलेना. जुस्तीना जेवण करून झाकून ठेवी. वस्ताद ते उशिरा, एकटे बसून खात. सांत आंतोनियोची जत्रा आली, दाराशी ढोल वाजत गेले, तेव्हा दोघे दोन खिडक्यांत उभे होते. तिने माझ्यात पुढे एकही रेघ काढली नाही. आणि मला कुणी उघडेना. जन्मभर मला एकच इच्छा होती, की मलाच उघडावे, दुसऱ्या कुणाला नाही. आता मला उघडण्याची खरी गरज होती, तर मी धूळ खात पडले होते. वाळलेली खळ दगडासारखी झाली होती. तोंड उघडायचे म्हटले तरी मला उघडता येत नव्हते.

जूनच्या शेवटी जुस्तीनाने आपले कपडे एका पेटीत भरले. व्हेनिसला तिची मावशी मुखवटे रंगवण्याचे काम करी. तिच्याकडे ती राहणार होती. सकाळी ती दाराशी उभी राहून म्हणाली, "येते, बाबा. पोर्तेल्लोच्या धक्क्यावरून आठाची नाव आहे."

"बरं," वस्ताद म्हणाले. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

दार लागले. वस्ताद बराच वेळ किरच पुसत राहिले. ती कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिले. मग त्यांनी ती कमरेला लटकवली, फळीपाशी आले आणि मला खाली घेतले. बाकाशी बसून दौत उघडली. लेखणी बुडवली.

मला उघडण्याआधी त्यांनी हात पुसले.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. ज्यासाठी मी इतके जळले, ते मला मिळाले, आणि मला ते नको झाले. कारण त्यांनी मला मागून उघडले होते. शेवटची पाने. त्यांना एक नाव लिहायचे होते.

"माझी शिष्य ती कधीच नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "पण गेली ती गेलीच."

पान उलटेना. त्यांनी नख घातले. चिकटले आहे हे त्यांना कळले, तसे त्यांनी हळूच ओढून पाहिले आणि थांबले. जुने कागद फाटू नयेत म्हणून ते थांबले. आता ते सोडून देतील आणि दुसऱ्या पानावर तिचे नाव लिहितील, हे मला कळत होते.

मित्रांनो, कागद म्हणजे शेवटी चिंध्यांचे तंतू. ते एकमेकांना धरून राहतात म्हणून कागद फाटत नाही. मी जन्मभर धरूनच ठेवत आले होते. चित्रे धरली, श्वास धरला, चिठ्ठी धरली. त्या क्षणी मी सगळे तंतू सोडून दिले.

टर्रकन आवाज झाला. पान वीतभर फाटले. बाल्दोच्या नावावरची पट्टी अर्धी उचकटली, आणि घडी घातलेला एक कागद वस्तादांच्या मांडीवर पडला.

त्यांनी तो उलगडला. तोंडातल्या तोंडात वाचला.

'अल्विझेकाका, चित्रं आधी उलटी करून घ्या, मग कोरा. नाहीतर छापल्यावर सगळे डावरे होतील. आमच्या घरात एक डावरी आहे, तेवढी पुरे. जुस्तीना.'

वस्तादांनी ते दोनदा वाचले. मग फाटलेल्या पानाकडे पाहिले, बाल्दोच्या नावाकडे पाहिले. त्या सकाळी ते हसत खाली वाकले होते, त्यांनी काहीतरी उचलले होते आणि इथेच सारले होते, हे त्यांना आठवले असणार. कारण ते एकदम म्हणाले, "मी! अरे देवा, मीच!"

आणि ते धावले. तो गुडघा घेऊन धावले. मला बगलेत मारले आणि कमानींखालून पोर्तेल्लोच्या दरवाजाकडे निघाले. भाजीवाल्या बाया बाजूला झाल्या. एकीने विचारले, "वस्ताद, कुणाच्या मागं?" दुसरी म्हणाली, "यांच्याच मागं कुणीतरी लागलं असेल!" घाईत त्यांना लाल पुस्तकाची आठवणही झाली नाही. त्यांच्या बगलेत फक्त मी होते. एरवी मी त्या एका गोष्टीवर दहा वर्षे मिरवले असते.

धक्क्यावर नाव उभी होती. कालव्यातून नाव ओढणारा घोडा काठावर जुंपला होता. जुस्तीनाचा एक पाय फळीवर होता.

"थांब!" वस्तादांना पुढे बोलता येईना, इतका दम लागला होता. त्यांनी नुसती चिठ्ठी पुढे केली.

जुस्तीनाने ती पाहिली. "कुठे होती?"

"बाल्दोच्या पानात. मीच ठेवली होती. खाली पडली, ती उचलून मीच ठेवली, न बघता." त्यांनी श्वास घेतला. "आणि तुला म्हणालो, तू जळतेस."

जुस्तीनाने चिठ्ठीवरची वाळलेली खळ नखाने खरवडली. मग ती म्हणाली, "बाल्दो जिवंत निघाला नसता, तर हे काही झालं नसतं."

"त्याला पत्र लिहून शिव्या देतो."

"द्या. आणि थोडं चीज पाठव म्हणावं."

"बाई," नावाडी ओरडला, "चढणार का उतरणार? घोड्याला तुमच्या घरच्या भानगडी कळत नाहीत."

वस्तादांनी कमरेची किरच काढली. रोज तेल लावून उजेडात धरत ती. मूठ पुढे करून त्यांनी ती जुस्तीनासमोर धरली. तिने सवयीने उजवा हात पुढे केला. वस्तादांनी मान हलवली.

"तो नाही," ते म्हणाले. "दुसरा."

नाव तिची पेटी घेऊनच निघून गेली. पेटी आठ दिवसांनी परत आली, आणि मावशीचे एक रागाचे पत्रही.

आता त्या तीनशे जणींचे काय झाले ते सांगते. वस्तादांनी एकही फाडली नाही. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर त्यांनी आपल्या तिरक्या, घाईच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: 'हे पुस्तक डावऱ्यांसाठी आहे. उजव्यांनी आरसा जवळ ठेवावा.' दूरदूरच्या गावांतून डावरी माणसे ते पुस्तक मागवू लागली. आयुष्यभर ज्यांना उलटे उभे राहायला लावले होते, त्यांना सरळ उभे राहायची परवानगी मिळाली. आणि रोज सकाळी, तालीम उघडण्याआधी, जुस्तीना डाव्या हातात किरच घेऊन वडिलांसमोर उभी राही. बाकावर उघडे ठेवलेले असे ते लाल पुस्तक. मी नाही. माझ्यातली माणसे तिला कशी उपयोगी पडणार? ती सगळी माणसे उजवी होती.

मी फळीवरून बघत असे आणि जळत असे. खोटे कशाला बोलू? मी एकदा पाने आवळली, आणि त्यातूनच ते लाल पुस्तक जुस्तीनाचे झाले होते. पण आता त्या आगीने कशाची राख होत नव्हती. तिचे पाऊल नीट पडले, की मलाही बरे वाटे, आणि मग बरे वाटल्याचा राग येई, आणि मग तोही जाई.

आज मी पादुआच्या एका ग्रंथालयात, एका पेटीत आहे. शेजारी एक लाल प्रत आहे, तिचा रंग उडून तपकिरी झालेला. आम्ही पाठीला पाठ लावून असतो. लोक दोघींना एकदमच मागवतात. कुणी तिचे चित्र पाहून माझे पाहतो, कुणी माझे पाहून तिचे. आमच्यापैकी एकीला पाहून काम भागत नाही, हे समजायला मला दोनशे वर्षे लागली.

माझ्या फाटलेल्या पानाला एका कुशल बाईंनी पातळ कागदाची पट्टी लावून जोडले आहे. त्याआधी त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि मग माझ्याकडे आल्या. मित्रांनो, तुम्हीही कधी जुन्या वहीला किंवा पुस्तकाला हात लावाल तेव्हा तेवढे करा. चिकटलेली पाने ओढू नका, पण ती चिकटलेली आहेत हे बघितल्याशिवाय पुढेही जाऊ नका. आणि दुसऱ्याची चिठ्ठी तुमच्यापाशी राहिली असेल, ती कागदाची असो वा नुसती तोंडी सांगायची असो, तर ती खळ ओली आहे तोवर देऊन टाका.

ती चिठ्ठी अजून माझ्यापाशीच आहे. जुस्तीनाने म्हातारपणी ती लाल पुस्तकात ठेवली नाही, माझ्यात ठेवली. बाल्दोच्या नावापाशी, नुसती ठेवली, चिकटवली नाही. तुम्ही आलात आणि मला हळूच शेवटून उघडलेत, तर ती आपोआप सरकून तुमच्या हातात येईल. वाचा आणि परत ठेवा. मी तिला धरून ठेवलेले नाही.